चाळीस जणांच्या सॉफ्टवेअर टीमने डॉक्युमेंटेशनसाठी कोणता प्लॅटफॉर्म निवडावा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यातील सुमारे चाळीस जणांची टीम, त्यांत निम्म्याहून अधिक डेव्हलपर आणि उरलेली टेस्टिंग, सपोर्ट व प्रॉडक्टची मंडळी, माहिती सध्या कोडसोबतच्या रीडमी फायलींत, गूगल डॉक्समध्ये, स्लॅक या चॅट ॲपवरच्या जुन्या संभाषणांत आणि दोन-तीन जुन्या सहकाऱ्यांच्या डोक्यात विखुरलेली, आणि निवड करायची ती कॉन्फ्लुएन्स, नोशन, बुकस्टॅकसारखा स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचा विकी (ब्राउझरमधूनच संपादन करता येणाऱ्या पानांची साइट) किंवा डॉक्युसॉरस अथवा एमकेडॉक्स ही साइट तयार करणारी साधने वापरून कोडशेजारीच ठेवलेल्या मार्कडाऊन फायली (साध्या चिन्हांनी मांडणी दाखवणाऱ्या मजकूर फायली) यांतून. आपण वैशिष्ट्यांचा एक तुलनात्मक तक्ताही जोडला आहे. तो मेहनतीने केलेला आहे, पण त्यावरून निर्णय होणार नाही, कारण त्यातील जवळजवळ प्रत्येक रकान्यात सगळ्यांसमोर ‘आहे’ असेच लिहावे लागले आहे. टेबल, चित्रे, सर्च, परवानग्या, जुन्या आवृत्त्यांचा इतिहास या गोष्टी आज सर्वांकडेच आहेत.

निवडीच्या वेळी मी एकच प्रश्न आधी विचारतो: एखाद्या पानावरची माहिती चुकीची किंवा जुनी झाली आहे हे ज्याच्या प्रथम लक्षात येते, त्याला ते पान दुरुस्त करायला किती पायऱ्या चढाव्या लागतात? डॉक्युमेंटेशन कोणी लिहीत नाही ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. परंतु माझ्या पाहण्यात लिहिलेले शिळे होऊन तसेच पडून राहणे हे त्याहून मोठे दुखणे आहे. वाचकाला लागोपाठ दोन पाने चुकीची सापडली की तो तिसरे पान उघडत नाही, शेजारच्याला विचारतो, आणि एकदा ही सवय लागली की प्लॅटफॉर्म कितीही देखणा असला तरी तिकडे कोणी फिरकत नाही. म्हणून चूक दिसल्यापासून ती सुधारेपर्यंतचा रस्ता जितका आखूड, तितका तो प्लॅटफॉर्म आपल्या टीमसाठी योग्य, असे मी धरून चालतो.

हा रस्ता सगळ्यांसाठी सारखा नसतो. एपीआयच्या (प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलण्याच्या पद्धतीच्या) पानावरची चूक बहुधा डेव्हलपरला दिसते, आणि तीही तो त्याच भागातील कोड बदलत असताना. ग्राहकाचे पैसे परत करण्याच्या पद्धतीतील चूक सपोर्टमधील व्यक्तीला दिसते, ती फोनवर ग्राहकाशी बोलत असते आणि तिच्यापाशी गिटहबचे, म्हणजे कोड ठेवण्याच्या सेवेचे, खातेही नसते. रात्री अलर्ट आला की रनबुकमधील (बिघाड झाल्यावर करायच्या कृतीच्या पानातील) चूक ऑन-कॉल, म्हणजे त्या वेळी जबाबदारीवर असलेल्या, इंजिनिअरला दिसते, पण त्या क्षणी ती दुरुस्त करायला त्याला फुरसत नसते. सकाळी आठवणीने करायची म्हटले तर ती राहून जाते. या तिघांना एकाच साच्यात बसवण्याचा आग्रह धरला की त्यांतल्या दोघांसाठी तरी रस्ता लांबतो.

तेव्हा आपल्या मजकुराचे आधी दोन ढीग करावेत. नवा कोड मुख्य कोडमध्ये मर्ज झाल्यामुळे जे बदलते ते एका बाजूला: एपीआय, कॉन्फिगरेशन, डिप्लॉयमेंट, आर्किटेक्चरचे निर्णय, रनबुक. बैठकीत काही ठरल्यामुळे जे बदलते ते दुसऱ्या बाजूला: रिलीजचे वेळापत्रक, नव्या सहकाऱ्याचा पहिला आठवडा, रजेचे व ऑन-कॉलचे नियम, सपोर्टची उत्तरे, ग्राहकनिहाय तपशील. पहिल्या ढिगाची जागा रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या साठ्यात, आहे आणि दुसऱ्याची विकीत. दोन जागा ठेवल्या तर गोंधळ होईल अशी भीती आपण व्यक्त केली आहे. ती रास्त आहे, पण गोंधळ दोन जागा असल्याने होत नाही. कोणत्या जागी काय आहे याचा नियम एका वाक्यात सांगता येत नसेल तर होतो. वरचा नियम एका वाक्याचा आहे आणि नव्या माणसालाही पहिल्या दिवशी कळतो. मात्र एक पथ्य कडकपणे पाळावे: एकीकडचा मजकूर दुसरीकडे चिकटवू नये, लिंक द्यावी.

विकी आणि गिट (फायलींतील बदलांचा इतिहास ठेवणारी प्रणाली) यांच्यातील खरा फरक समजून घ्यायचा असेल तर एमडीएनचा प्रवास पाहण्यासारखा आहे. वेब डेव्हलपरांचे हे संदर्भस्थळ मोझिलाने २००५ मध्ये मीडियाविकीवर सुरू केले, २००८ मध्ये ते माइंडटचच्या डेकीवर गेले, २०१२ मध्ये मोझिलाने स्वतः जँगोमध्ये लिहिलेल्या कुमा या विकीवर आले, आणि डिसेंबर २०२० मध्ये विकी पूर्ण बंद करून सगळा मजकूर गिटहबवरील फायलींत नेण्यात आला. तो आधी एचटीएमएल स्वरूपात होता. २०२१ पासून त्याचे मार्कडाऊनमध्ये रूपांतर सुरू झाले. विकीत बदल आधी प्रसिद्ध होतो आणि तपासणी, झालीच तर, नंतर होते. गिटमध्ये तपासणी आधी आणि प्रसिद्धी नंतर. हजारो पाने आणि कोणीही संपादन करू शकेल अशी मुभा असताना नंतरची तपासणी झेपेनाशी होते, आणि पंचवीस पानांवर मिळून करायचा एकच बदल एकत्र पाहण्याची सोयही विकीत नसते. परंतु या बदलाची किंमतही मोजावी लागली. भाषांतरे आधी गोठवावी लागली, पुढे ज्या भाषांसाठी सांभाळणारी मंडळी पुढे आली तेवढ्याच पुन्हा सुरू झाल्या आणि बाकीच्या काढून टाकल्या गेल्या. शिवाय बटण दाबून शुद्धलेखनाची एखादी चूक सुधारणाऱ्यालाही आता पुल रिक्वेस्ट (बदल तपासून स्वीकारण्याची विनंती) करावी लागते. आपल्या टीममधील सपोर्टच्या मंडळींना एकदम गिटवर आणायचा विचार असेल तर हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे.

याच उदाहरणातून मला आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. पंधरा वर्षांत चार प्लॅटफॉर्म झाले, पण मजकूर तोच पुढे जात राहिला. आज आपण जे निवडाल ते कायमचे नाही, हे गृहीत धरूनच निवडावे.

आता पहिल्या ढिगाविषयी. डॉक्युमेंटेशन कोडशेजारी ठेवण्याचा खरा फायदा असा की ते त्याच पुल रिक्वेस्टमध्ये बदलते. समजा पेमेंट सेवेत अयशस्वी व्यवहार पुन्हा करून पाहण्याची मर्यादा ३ वरून ५ केली. कोडमधील ती एक ओळ आणि ‘डॉक्स’ फोल्डरमधील कॉन्फिगरेशनच्या तक्त्यातील ती एक ओळ रिव्ह्यू करणाऱ्याला एकाखाली एक दिसतात, आणि दुसरी ओळ नसेल तर तो तिथल्या तिथे विचारतो. विकीत हेच काम ‘नंतर करू’ या खात्यात जाते. कोडओनर्स फाइलमध्ये फोल्डरनिहाय जबाबदार व्यक्ती नेमून देता येतात. तुटलेल्या लिंक सीआयमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या तपासण्यांत, पकडता येतात. टीमने ठरवलेल्या संज्ञा आणि लेखनशैली तपासायची असेल तर व्हेलसारखे टूल लावता येते, पण ते पहिल्याच महिन्यात लावू नये, कारण शुद्धलेखनासाठी बिल्ड अडू लागले की लोक लिहिणेच सोडून देतात. आकृत्यांसाठी मर्मेड हे मजकुरातून आकृती काढणारे साधन पुरेसे आहे. गिटहबने फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याला थेट आधार दिल्यापासून आकृतीही मजकुरासारखीच रिव्ह्यूत दिसते, आणि मूळ फाइल कोणाच्या लॅपटॉपवर आहे हा शोध संपतो.

आर्किटेक्चरच्या निर्णयांची नोंद ठेवण्यासाठी मायकेल नायगार्ड यांनी २०११ मध्ये सुचवलेली पद्धत मी बहुतेक टीमना सुचवतो: एका निर्णयाची एक छोटी फाइल, तिच्यात परिस्थिती, निर्णय आणि परिणाम. अशी फाइल नंतर सुधारायची नसते. निर्णय बदलला तर नवी फाइल लिहून जुनीवर ‘रद्द’ अशी खूण करायची. त्यामुळे ती शिळी होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. कोणत्याही प्लॅटफॉर्मवर न जाता हे काम आपण उद्यापासून सुरू करू शकता.

फायलींपासून वाचनीय साइट तयार करणारे जनरेटर अनेक आहेत आणि त्यांच्यावर गरजेपेक्षा जास्त चर्चा होते. स्फिंक्स २००८ मध्ये पायथनच्या डॉक्युमेंटेशनसाठी आले आणि पायथनच्या टीमला आजही उत्तम आहे. डॉक्युसॉरस फेसबुकने २०१७ मध्ये खुले केले. ते रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीवर चालते. एमकेडॉक्स २०१४ चे, मांडायला सर्वांत सोपे, आणि त्याची मटीरियल ही थीम सर्वाधिक वापरली जाते. मात्र मटीरियलच्या कर्त्यांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये ती केवळ देखभालीपुरती चालू ठेवून झेन्सिकल या नव्या जनरेटरवर लक्ष देण्याचे जाहीर केले, हे आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने लक्षात घ्यायला हवे. गिटबुकचेही असेच झाले होते: २०१४ मध्ये ते मुक्त स्रोत कमांड-लाइन टूल म्हणून आले आणि पुढे कंपनीने ते बाजूला ठेवून होस्ट केलेल्या सेवेवर भर दिला. अशा वेळी ज्यांच्या फायली साध्या मार्कडाऊनमध्ये होत्या त्यांचे नुकसान थोडक्यात निभावले.

‘साध्या मार्कडाऊनमध्ये’ हे शब्द मी जाणूनबुजून वापरले आहेत, कारण मार्कडाऊन एक नाही. दोन ठिकाणी हमखास घोडे अडते. क्रमांकित पायरीखाली कमांड लिहिताना गिटहबवर दोन-तीन जागा सोडून पुढे लिहिले तरी चालते. एमकेडॉक्समागचे पायथन-मार्कडाऊन मात्र चार जागांचा आग्रह धरते. परिणामी जे रनबुक गिटहबवर १, २, ३ असे नीट दिसते तेच साइटवर १, १, १ असे दिसते, आणि रात्री दोन वाजता ‘चौथी पायरी झाली का’ या प्रश्नाला अर्थ उरत नाही. दुसरी अडचण डॉक्युसॉरसची. ते मजकूर मुळात एमडीएक्स (मार्कडाऊनमध्ये रिॲक्टचे घटक मिसळू देणारे स्वरूप) म्हणून वाचते, म्हणजे एखाद्या साध्या वाक्यात कोणी कोनी कंसात ‘होस्ट’ असे लिहिले की ते त्याला रिॲक्टचा घटक समजते आणि सगळी साइटच तयार व्हायची थांबते. तिसऱ्या आवृत्तीत यावर उपाय आहे: मार्कडाऊनचा फॉरमॅट ‘डिटेक्ट’ वर ठेवला की साध्या फायली साध्या मार्कडाऊनप्रमाणेच वाचल्या जातात. ही सेटिंग पहिल्याच दिवशी करावी. एमडीएक्समध्ये आपले बटण, आपला टॅब, आपली चौकट असे करत गेलो की दोन वर्षांनी फायली दुसऱ्या कोणत्याही जनरेटरला उघडता येत नाहीत. मग मार्कडाऊन निवडल्याचा मूळ लाभच हातचा जातो.

आवृत्त्यांविषयी एवढेच सांगतो की आपले उत्पादन ग्राहकांच्या सर्व्हरवर बसवले जात नसेल आणि सर्वांना एकाच वेळी एकच आवृत्ती मिळत असेल, तर डॉक्युमेंटेशनच्या आवृत्त्यांची गरज नाही. डॉक्युसॉरस प्रत्येक आवृत्तीसाठी संपूर्ण फोल्डरची प्रत करते, आणि मग एक चूक सहा ठिकाणी सुधारावी लागते. अंतर्गत कामासाठी हे म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

या मार्गातील एक धोका मात्र ठळकपणे सांगितला पाहिजे. रिपॉझिटरी खाजगी आहे म्हणून तिच्यातून गिटहब पेजेस या सोयीने प्रसिद्ध केलेली साइटही खाजगी असेल अशी अनेकांची समजूत असते. तसे नाही. गिटहबच्या एंटरप्राइज क्लाउडखेरीज इतर योजनांत खाजगी रिपॉझिटरीतून प्रसिद्ध केलेली साइटही जगाला दिसते. गिटलॅब पेजेसमध्ये प्रवेशावर नियंत्रण ठेवता येते. अन्यथा साइट आपल्या सर्व्हरवर ठेवून तिच्यापुढे कंपनीच्या लॉगिनचा दरवाजा लावावा. सेवा क्षेत्रातील टीमसाठी हा मुद्दा दुय्यम नाही, कारण ग्राहकाशी केलेल्या गोपनीयतेच्या करारात त्याच्या यंत्रणेची रचना बाहेर जाऊ नये असे कलम बहुधा असतेच.

दुसऱ्या ढिगासाठी विकी. येथे कॉन्फ्लुएन्सचे नाव प्रथम येते आणि ते अकारण येत नाही. २००४ पासून ते आहे, कामांची तिकिटे नोंदवण्याच्या जिराशी त्याची सांगड पक्की आहे, परवानग्या बारकाईने देता येतात, आणि नव्याने रुजू होणाऱ्या बहुतेकांनी ते आधीच्या नोकरीत पाहिलेले असते. आपण जिरा वापरत असाल तर कॉन्फ्लुएन्स क्लाउड घेणे हा समंजस निर्णय ठरेल. दहा जणांपर्यंतची मोफत योजना चाचणीला पुरते. मात्र शुल्क माणशी असते, त्यामुळे महिन्यातून दोनदा डोकावणाऱ्या वाचकाचेही पैसे मोजावे लागतात. चाळीस जणांत ते फारसे जाणवत नाही. दीडशे झाल्यावर जाणवते.

काही जण कॉन्फ्लुएन्स स्वतःच्या सर्व्हरवर चालवण्याचा विचार करतात. तो आता सोडून द्यावा. सर्व्हर आवृत्तीचा आधार १५ फेब्रुवारी २०२४ रोजी संपला आणि डेटा सेंटर आवृत्तीची अखेरही मार्च २०२९ मध्ये होईल असे कॉन्फ्लुएन्स बनवणाऱ्या ॲटलासियनने जाहीर केले आहे. त्यातच जून २०२२ आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये उघड झालेल्या त्रुटी इतक्या गंभीर होत्या की लॉगिन न करताही हल्लेखोराला सर्व्हरवर ताबा मिळवता येत होता, आणि पॅच, म्हणजे दुरुस्ती, येण्यापूर्वीच त्यांचा गैरवापर सुरू झालेला होता. इंटरनेटवर उघडा असलेला विकी आणि शुक्रवारी संध्याकाळी आलेला पॅच यांच्यामध्ये कोण उभे राहणार, हा प्रश्न बुकस्टॅक किंवा विकी.जेएस यांनाही तसाच लागू आहे. मोफत सॉफ्टवेअरचा खर्च त्या माणसाच्या वेळेत मोजायचा असतो.

तो माणूस आपल्याकडे असेल तर बुकस्टॅक मला मनापासून आवडते. शेल्फ, पुस्तक, प्रकरण, पान एवढीच त्याची रचना. त्याहून खोल जाता येत नाही. ही मर्यादा प्रथम जाचते, पण फोल्डरात फोल्डर करत बसण्याची हौस तिच्यामुळेच आटोक्यात राहते आणि कोणते पान कुठे असेल याचा अंदाज सगळ्यांना येतो. डोकुविकी त्याहून जुने आहे, दिसायलाही तसेच दिसते, परंतु ते डेटाबेस न वापरता पाने साध्या मजकूर फायलींत ठेवते. त्यामुळे बॅकअप म्हणजे एका फोल्डरची प्रत. लहान आणि दीर्घकाळ टिकायच्या कामासाठी ते आजही नाकारण्याजोगे नाही.

नोशनबद्दल माझे मत थोडे राखून आहे. लिहायला ते सर्वांत सुखद आहे, आणि प्रॉडक्टची मंडळी तिथे आपोआप लिहितात, हा लहान लाभ नव्हे. पण त्यात प्रत्येक पान डेटाबेस होऊ शकते आणि प्रत्येकाला स्वतःची रचना सुचते, त्यामुळे वर्षभरात टीमगणिक वेगळे जग उभे राहते. नोशन घ्यायचेच असेल तर वरच्या दोन स्तरांची रचना एकाच व्यक्तीच्या हाती ठेवावी आणि पान अमुक तारखेपर्यंत तपासलेले आहे अशी मुदतीची खूण त्यात करता येते, तिचा वापर सक्तीचा करावा.

रनबुकचा विचार मात्र वेगळा करावा लागतो, कारण ती नेमकी सगळे बिघडलेले असताना उघडायची असतात. एप्रिल २०२२ मध्ये ॲटलासियनच्या एका देखभालीच्या स्क्रिप्टला चुकीचे आयडी दिले गेले आणि ७७५ ग्राहकांच्या क्लाउड साइट पुसल्या गेल्या. काहींना त्या परत मिळायला दोन आठवडे लागले. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकचे नेटवर्क इंटरनेटवरून नाहीसे झाले तेव्हा इंजिनिअरांची अंतर्गत साधनेही त्याच नेटवर्कवर अवलंबून असल्याने बंद पडली. यातून क्लाउड वाईट किंवा स्वतःचा सर्व्हर वाईट असा निष्कर्ष निघत नाही. आपला विकी ज्या क्लस्टरवर (सर्व्हरांच्या समूहावर) चालतो तोच क्लस्टर पूर्ववत करण्याची कृती त्या विकीत ठेवू नये, एवढाच निघतो. रिपॉझिटरीत ठेवलेले रनबुक प्रत्येक इंजिनिअरच्या लॅपटॉपवर आपोआप असते आणि इंटरनेट गेले तरी उघडते. माझ्या मते कोडशेजारी डॉक्युमेंटेशन ठेवण्याच्या बाजूचा हा सर्वांत वजनदार मुद्दा आहे, आणि तुलनेच्या तक्त्यांत तो क्वचितच दिसतो.

सर्चची परीक्षा विक्रेत्याच्या डेमोवरून करू नये. गेल्या महिन्यात स्लॅकवर विचारले गेलेले खरे प्रश्न घ्यावेत, ज्या शब्दांत विचारले त्याच शब्दांत शोधावेत, आणि उत्तर पहिल्या तीन निकालांत येते का ते पाहावे. त्यात दोन-तीन एरर कोड आणि अंडरस्कोअर असलेली कॉन्फिगरेशनची नावे अवश्य घालावीत. अनेक सर्च इंजिने असे नाव एकच अखंड शब्द म्हणून साठवतात आणि मग त्याचा मधला तुकडा आठवणाऱ्याला काहीच सापडत नाही. आपल्या सपोर्टची उत्तरे मराठीत असतील तर आणखी एक चाचणी हवी. ‘परतावा’ शोधल्यावर ‘परताव्यासाठी’ आणि ‘परताव्याची’ असलेली पाने येतात का? इंग्रजी शब्दांची रूपे ओळखण्याची सोय या इंजिनांत असते, काहींत हिंदीचीही असते, मराठीची मात्र सहसा नसते, आणि सामान्यरूप झाले की आपला शब्द मुळापासून बदलतो. यावर साधा उपाय म्हणजे अशा पानांच्या शीर्षकात किंवा टॅगमध्ये मूळ रूप लिहून ठेवणे. पीडीएफही काढून पाहावी: बुकस्टॅक मुळात डॉमपीडीएफ वापरते आणि त्यात देवनागरीची जोडाक्षरे व वेलांट्या विस्कटतात, त्यामुळे ग्राहकाला पाठवायचे मराठी मार्गदर्शन ब्राउझरमधून प्रिंट करून घ्यावे लागते.

‘एआय शोधून देईल, मग रचनेची चिंता कशाला’ हा प्रश्न आता प्रत्येक बैठकीत निघतो. आडात नसेल तर पोहऱ्यात येणार नाही, हे येथेही खरे आहे. किंबहुना एआय सहायक शिळ्या पानावरचे उत्तरही तितक्याच आत्मविश्वासाने देतो आणि पान किती जुने आहे हे वाचणाऱ्याला दिसतच नाही. त्याचा विचार करून प्लॅटफॉर्म निवडायचा झाल्यास प्रत्येक पानावर शेवटच्या तपासणीची तारीख मशीनला वाचता येईल अशी ठेवता येते का, एवढे बघावे.

निर्णयापूर्वी करायची शेवटची आणि माझ्या लेखी अटळ चाचणी म्हणजे बाहेर पडण्याची. आपल्याकडचे एक खरे, अवघड पान घ्यावे. बॅकअपवरून डेटाबेस पूर्ववत करण्याची कृती यासाठी चांगली: क्रमांकित पायऱ्या, पायऱ्यांच्या पोटात कमांड, एक टेबल, एक आकृती, इतर पानांच्या दोन लिंक. ते प्रत्येक प्लॅटफॉर्मवर चढवावे, तिथून निर्यात करावे, आणि निर्यात झालेली फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून बघावी. नोशन मार्कडाऊन देते, पण प्रत्येक फाइलच्या नावामागे ३२ अक्षरी आयडी जोडलेला असतो आणि डेटाबेस सीएसव्ही होऊन वेगळे निघतात. कॉन्फ्लुएन्सची स्पेस एचटीएमएल किंवा एक्सएमएल होऊन बाहेर पडते. मॅक्रोने आपोआप भरलेल्या याद्यांचे त्या क्षणाचे गोठलेले रूप एचटीएमएलमध्ये उरते आणि बाहेरच्या ॲड-ऑनने काढलेली आकृती संपादन करता येईल अशा स्वरूपात येईलच याची खात्री नसते. पॅनडॉक हे रूपांतराचे साधन यातले बरेचसे मार्कडाऊनमध्ये आणून देते, पण लिंक आणि आकृत्या हातानेच जोडाव्या लागतात. हे करायला एक दुपार लागते, आणि त्या दुपारी जे दिसते ते कोणत्याही तक्त्यात सापडत नाही.

एवढे सगळे धरून आपल्या टीमसाठी माझा सल्ला असा: पहिल्या ढिगासाठी रिपॉझिटरीतील साधे मार्कडाऊन, त्यावर रिॲक्ट जाणणारे कोणी असेल तर डॉक्युसॉरस, नसेल तर एमकेडॉक्स, कारण झेन्सिकल एमकेडॉक्सचीच कॉन्फिगरेशन फाइल वाचू शकते आणि पुढे तिकडे जाणे अवघड पडू नये. दुसऱ्या ढिगासाठी, जिरा असेल तर कॉन्फ्लुएन्स क्लाउड. जिरा नसेल आणि सर्व्हर सांभाळणारा माणूस असेल तर बुकस्टॅक. दोन्ही नसेल तर नोशन. सपोर्टच्या मंडळींना रिपॉझिटरीतील पानावर चूक दिसली तर त्यांच्यासाठी पानाच्या तळाशी एक लिंक ठेवावी, जी त्या पानाचा पत्ता आधीच भरलेले तिकीट उघडेल. त्यांना गिट शिकवण्यापेक्षा हे स्वस्त आहे आणि ऑन-कॉल इंजिनिअरलाही रात्री तेच उपयोगी पडते: चूक लगेच सुधारता आली नाही तरी तिची नोंद तेवढ्यात होऊन जाते.

जुना मजकूर सगळाच्या सगळा हलवू नये. गेल्या सहा महिन्यांत कोणी उघडले नाही ते जिथे आहे तिथेच, वर ‘हे पान सांभाळले जात नाही’ अशी ओळ टाकून, केवळ वाचनासाठी ठेवावे आणि वर्षभर कोणी मागितले नाही तर काढून टाकावे. हलवलेल्या प्रत्येक पानाला एक नाव असावे, टीमचे नव्हे, व्यक्तीचे. आणि ती व्यक्ती नोकरी सोडताना लॅपटॉप परत करण्याच्या यादीत आपली पाने कोणाकडे दिली हेही लिहिले जावे. करार वर्षाचा करण्याआधी एकाच टीमने, शक्यतो सपोर्टचा एक जण बरोबर घेऊन, दीड-दोन महिने खऱ्या कामात तो प्लॅटफॉर्म वापरावा, कारण नव्याचे नऊ दिवस सरल्यानंतरचा वापरच खरा. तेवढ्या काळात निकाल न देणाऱ्या सर्चची यादी दर आठवड्याला काढावी. या यादीतले शब्द पानांवर असूनही सापडत नसतील तर प्लॅटफॉर्म बदलण्याचा विचार करावा. ते शब्द कोणत्याच पानावर नसतील तर ती यादी म्हणजेच पुढच्या आठवड्यात लिहायच्या पानांची यादी आहे, आणि प्लॅटफॉर्म आहे तोच राहू द्यावा.